फक्की, चहाची किटली आणि संगणकातलं घर



नवीन घराचा पाया खणायच्या आधी गवंडी काय करतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. चार खुंट्या ठोकतो, लाइनदोरी ताणतो, गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे का बघतो आणि दोरीखालून पांढरी फक्की टाकतो. मग घरातली बाई त्या फक्कीच्या आत जाऊन उभी राहते. इथं ओटा, इथं देवघर, इथं मोरी. ‘अहो, एवढीशीच खोली?’ हे वाक्य त्या वेळी हमखास ऐकू येतं. उघड्या आभाळाखाली आखलेली खोली असते त्याहून लहानच वाटते. गवंडी हसतो आणि म्हणतो, ‘भिंती उठू द्या, मग बघा.’

भिंती उठायच्या आधी घर बघता आलं पाहिजे, ही माणसाची फार जुनी धडपड आहे. आज रस्त्याच्या कडेला बिल्डरच्या फलकांवर जी झुळझुळीत चित्रं दिसतात, ज्यांना सगळे नुसतं ‘थ्रीडी’ म्हणतात, ती याच धडपडीतून आलेली आहेत. ती कुठून आली, कुणी आणि कशासाठी काढली, हे आज सांगायचंय. आमच्यातल्या कुणी वास्तुशास्त्र शिकलेलं नाही. पण घरासाठी कर्ज घेणाऱ्या बायकांच्या बैठकीत बसतो, त्यामुळे ही गोष्ट वाचून काढली आणि पटलं, की आपल्या कामाची आहे.

सुरुवात दोरीपासूनच करू. आपल्याकडे देवळं आणि राजवाडे बांधणाऱ्या मुख्य कारागिराला पूर्वी ‘सूत्रधार’ म्हणत. सूत्र म्हणजे दोरी, ती धरणारा तो सूत्रधार. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या पदरी मंडन नावाचा मोठा स्थपती होता, त्याने बांधकामावर ग्रंथ लिहिले, आणि त्याच्या नावामागं ‘सूत्रधार’ हीच पदवी लागते. नाटकातला सूत्रधार आपल्या लक्षात राहिला, हा दोरीवाला मात्र विसरला गेला.

त्याच शतकात तिकडे इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात एक मोठं चर्च घुमटाशिवाय उघडं पडलं होतं. घुमट बसवायचा तर खालून लाकडाचं सेंटरिंग हवं, आणि जवळजवळ दीडशे फूट रुंदीच्या तोंडाला पुरेल एवढं लाकूड आणायचं कुठून? १४१८ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. फिलिप्पो ब्रुनेलेस्की नावाच्या माणसानं विटांचा छोटा नमुना करून दाखवला, की सेंटरिंगशिवायही घुमट चढवता येतो. हा माणूस मुळात सोनार! त्याच्या चरित्रकारानं लिहून ठेवलंय, की गवंड्यांना दगड कसा घडवायचा हे समजावताना तो मेणाचे, मातीचे, लाकडाचे आणि वेळ पडली तर सलगमाच्या कंदातून कोरलेले नमुने दाखवायचा. १४३६ मध्ये तो घुमट पुरा झाला आणि आजही उभा आहे.

याच ब्रुनेलेस्कीनं आणखी एक गोष्ट केली. डोळ्याला इमारत जशी दिसते, लांबची बाजू लहान आणि जवळची मोठी, तशीच ती कागदावर मोजून कशी उतरवायची, हे त्यानं दाखवून दिलं. म्हणजे बघा, एकाच माणसाकडे दोन वस्तू होत्या. एक नमुना, गवंड्यासाठी, ज्यावरून काम होतं. आणि एक चित्र, बघणाऱ्यासाठी, ज्यावरून डोळे दिपतात. या दोन वस्तू वेगळ्या आहेत, एवढं आत्ता ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

त्यानंतरची पाचशे वर्षं नकाशा, लाकडी नमुना आणि रंगवलेलं चित्र यांवरच काम चाललं. मग ऑस्ट्रेलियात एक मोठी अडचण आली. सिडनी शहरात समुद्रकाठी एक भव्य नाट्यगृह बांधायचं ठरलं. स्पर्धेत २३३ जणांनी कल्पना पाठवल्या आणि १९५७ मध्ये निकाल लागला. जिंकला तो योर्न उटझॉन, डेन्मार्कचा, जेमतेम ३८ वर्षांचा. त्याचं छप्पर म्हणजे वाऱ्यानं फुगलेली गलबताची शिडं. चित्र असं सुंदर की बघतच राहावं. फक्त ते बांधायचं कसं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि तरी काम सुरू झालं! सरकारला घाई होती. १९५९ मध्ये खालचा चौथरा बांधायला घेतला, छपराचा हिशेब अजून पुरा व्हायचा होता. व्हायचं तेच झालं. छपराचं खरं वजन कळलं तेव्हा चौथऱ्यातले खांब त्याला पुरेसे नव्हते, ते नव्यानं करावे लागले. आपल्याकडेही ‘वरचा मजला पुढं बघू’ म्हणून हलकं फुटिंग टाकतात आणि दहा वर्षांनी वर चढवायची वेळ आली, की डोक्याला हात लावतात. सरकारं काय नि आपण काय, घाईची जात एकच.

ओव्ह अरुप यांच्या कंपनीतले अभियंते छपराचा हिशेब करत होते. त्या शिडांचा आकार भूमितीच्या कुठल्याच नियमात बसत नव्हता. त्यांनी कितीतरी आकार घेऊन पाहिले. हातानं करायचं तर ही गणितं संपलीच नसती, म्हणून त्यांनी पेगासस नावाचं संगणक यंत्र वापरायला घेतलं. इमारतीचा भार मोजायला संगणक लावला गेला, त्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. पण युक्ती सुचली ती माणसालाच. १९६१ मध्ये ठरलं, की सगळी शिडं एकाच मोठ्या गोलाच्या सालीतून कापलेले तुकडे समजायची, सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या गोलाच्या. संत्र्याच्या सालीचे लहानमोठे तुकडे कसे असतात? आकार वेगळे, बाक एकच. बाक एक म्हटल्यावर साचे पुन्हा पुन्हा वापरता येतात, तुकडे जमिनीवर ओतून वर चढवता येतात. तिथून काम मार्गी लागलं.

पैशाचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. सुरुवातीचा अंदाज ७० लाख डॉलरचा होता, पुरं होईपर्यंत १० कोटी २० लाख लागले. भांडणं झाली, १९६६ मध्ये उटझॉन राजीनामा देऊन गेला. १९७३ मध्ये इंग्लंडच्या राणीनं उद्घाटन केलं. पुरी झालेली इमारत उटझॉननं कधी डोळ्यांनी पाहिलीच नाही.

तर इमारतीच्या कामात संगणक शिरला तो मुनीम म्हणून, चित्रकार म्हणून नव्हे. वजन, वारा, भार यांचा हिशेब करणारा मुनीम. चित्र काढायला तो शिकला ते अमेरिकेत. १९६३ मध्ये इव्हान सदरलँड या २४ वर्षांच्या विद्यार्थ्यानं ‘स्केचपॅड’ नावाचा कार्यक्रम लिहिला. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीनं रेघ ओढायची आणि यंत्राला सांगायचं, ही रेघ त्या रेघेला समांतर ठेव, हा कोपरा काटकोनात ठेव. यंत्र ते पाळायचं. म्हणजे आपल्या गवंड्याची लाइनदोरी आणि गुण्या त्यानं यंत्रात घातले म्हणा ना.

यानंतरचा किस्सा आम्हाला सगळ्यात आवडला. १९७५ च्या आसपास अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल नावाचा संशोधक संगणकावर वस्तू खऱ्यासारख्या कशा दाखवायच्या, यावर काम करत होता. त्याला नमुन्यासाठी एखादी वस्तू हवी होती. फार सोपी नको, फार अवघडही नको. एक दिवस नवराबायको चहाला बसले असताना त्याची बायको सँड्रा म्हणाली, ही किटलीच घे की! त्यानं आलेखाच्या कागदावर किटली काढली, मापं संगणकात घातली. त्या किटलीला गोल पोट आहे, वळलेली तोटी आहे, कान आहे, झाकण आहे, आणि तिची सावली तिच्याच अंगावर पडते. उजेड, सावली, चकाकी, सगळ्याची परीक्षा एकाच भांड्यात. पुढं कितीतरी वर्षं जगभरच्या संशोधकांनी आपलं नवं तंत्र याच किटलीवर तपासून पाहिलं. खरी किटली आता कॅलिफोर्नियातल्या संगणकांच्या संग्रहालयात ठेवली आहे. फलकावरच्या इमारतीच्या काचेवर ऊन चमकतं ना, ते तंत्र असं स्वयंपाकघरातल्या वस्तूवर घासूनपुसून तयार झालं. सँड्राचं नाव मात्र शोधावं लागतं.

एका बाईचं नाव न शोधताही घेता येतं, ते बेव्हर्ली विलिस यांचं. १९२८ साली जन्म, आईवडील वेगळे झाल्यावर लहानपणीचे काही दिवस अनाथाश्रमात काढलेले. पुढं सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी स्वतःचं वास्तुरचनेचं कार्यालय काढलं. त्यांच्याकडे हवाई बेटांवर सैनिकांच्या कुटुंबांसाठी वसाहत करायचं काम आलं, सुमारे ११,५०० माणसांची. जागा कशी, तर जुन्या ज्वालामुखीचं खोलगट तोंड! उतार, माती, पाण्याचे ओहोळ. सरळ बुलडोझर लावून सपाट केलं असतं तर डोंगर सुटला असता आणि खर्चही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या कार्यालयात ‘कार्ला’ नावाचा संगणक कार्यक्रम तयार झाला. जमिनीचा उतार कुठं किती, पाणी कुठून वाहतं, कुठं माती काढावी लागेल आणि कुठं भरावी लागेल, हे तो सांगायचा. मग घरं तिथं बसवायची, जिथं जमिनीला कमीत कमी दुखवावं लागेल.

आम्ही हे वाचलं तेव्हा आपले पाणलोटाचे नकाशे आठवले. बांध कुठं घालायचा ते आधी शिवारफेरी करून ठरवतो, तसंच हे. विलिस यांनी संगणकाला ‘घर कसं दिसेल’ हे विचारलं नाही, ‘घर कुठं बसेल’ हे विचारलं. आमच्या मते या सगळ्या इतिहासात यापेक्षा शहाणा प्रश्न कुणी विचारलेला नाही. २०२३ मध्ये, ९५ व्या वर्षी त्या गेल्या. शेवटची वीसेक वर्षं त्यांनी वास्तुरचनेतल्या विसरलेल्या बायकांची कामं उजेडात आणण्यासाठी संस्था चालवली.

त्यानंतर यंत्रं स्वस्त झाली आणि वेग आला. १९८२ मध्ये अमेरिकेत ऑटोकॅड आलं, आज तालुक्याच्या गावी नकाशा काढून देणाऱ्या दुकानातही तेच किंवा त्याच्या जातीचं काहीतरी असतं. त्याच वर्षी हंगेरीत गाबोर बोयार यानं ग्राफिसॉफ्ट कंपनी काढली. तिथल्या अणुवीज केंद्रातल्या नळांचं जाळं संगणकात उभं करून दाखवायचं काम त्यांनी केलं आणि पुढं इमारतींसाठी आर्चिकॅड तयार केलं. सुरुवातीच्या भांडवलासाठी बायकोचे दागिने गहाण पडले होते, असं सांगतात. ते ऐकून आमच्या बैठकीत सगळ्याच जणी एकमेकींकडे बघून हसल्या.

स्पेनमध्ये बिलबाओ नावाच्या शहरात १९९७ मध्ये गुगेनहाइम संग्रहालय उघडलं, त्याबद्दल थोडक्यात सांगतो. रचनाकार फ्रँक गेरी स्वतः संगणकाला हात लावत नसत. ते कागद आणि लाकडाचे वेडेवाकडे नमुने करायचे, त्यांची माणसं त्या नमुन्यावरचा बिंदू न् बिंदू मोजून संगणकात घालायची. वापरलेला कार्यक्रम होता कॅटिया, फ्रान्सच्या दासो कंपनीनं लढाऊ विमानांसाठी केलेला. आपल्या राफेलवाली तीच दासो. वाकड्यातिकड्या इमारतीचा प्रत्येक तुकडा त्यामुळे आधीच अचूक मोजता आला. सिडनीत जो हिशेब करताना वर्षं गेली, तो इथं नकाशाबरोबरच होत गेला.

आता आपल्या गावाकडे येऊ.

सिडनी, हवाई, बिलबाओ, या तिन्ही ठिकाणी संगणकानं मोजलं. आपल्या हातात पडतं ते पत्रक मात्र बहुतेक वेळा नुसतं दाखवतं. ब्रुनेलेस्कीच्या दोन वस्तूंपैकी दुसरी. आमच्या एका गटातल्या ताईनं फ्लॅटच्या बुकिंगसाठी कर्ज मागितलं आणि पत्रक बैठकीत आणलं. बेडरूमच्या चित्रात पलंग, कपाट, आरशाचं टेबल, कोपऱ्यात कुंडी, आणि तरी मधे मोकळी फरशी. मागच्या पानावर बारीक अक्षरात खोलीचं माप होतं, ९ बाय १०. आम्ही समाजमंदिराच्या फरशीवर खडूनं तेवढीच चौकट आखली. त्यात सव्वासहा फूट लांब, पाच फूट रुंद पलंग आखला, पलंगाच्या पायथ्याशी दोन फूट खोल कपाट आखलं. मधे उरले पावणेदोन फूट. कपाटाचं दार कसंबसं उघडेल, पण ते उघडणाऱ्या बाईनं उभं कुठं राहायचं? आरशाचं टेबल तर दाराबाहेर.

चित्रात मग ते बसलं कसं? संगणकात कॅमेरा कुठंही ठेवता येतो, भिंतीच्या पलीकडेसुद्धा. खऱ्या खोलीत माणूस जिथं उभा राहूच शकत नाही, तिथून खोली दाखवली की ती लांबरुंद दिसते. पलंग सव्वासहाऐवजी साडेपाच फुटांचा केला तर कुणाला कळतंय? शेजारची इमारत गाळायची, विजेची तार गाळायची, ऊन कायम कोवळं ठेवायचं. याला खोटं म्हणायचं की सजावट, यावर आमच्यात बराच वाद झाला. आमचं बहुमत पडलं ते असं, की माप बदललं असेल तर ते खोटं, बाकीची सजावट.

गंमत म्हणजे तोच संगणक खरंही सांगू शकतो. जागा कुठली, महिना कुठला आणि वेळ कोणती हे घातलं, तर सूर्य कुठं असेल आणि सावली कुठं पडेल हे तो बिनचूक दाखवतो. मे महिन्यात दुपारी चार वाजता पश्चिमेच्या स्वयंपाकघरात ऊन किती आत येईल, हे नकाशा काढणाऱ्याला विचारा. ज्याच्याकडे थ्रीडीचा कार्यक्रम आहे, त्याला हे सहज काढून देता येतं. आपण विचारत नाही म्हणून तो दाखवत नाही.

खडूची कल्पना आमची नाही, हेही सांगतो. १९८० च्या दशकात मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी ‘महिला मिलन’ या नावानं एकत्र येऊन, ‘स्पार्क’ संस्थेच्या सोबतीनं, आपल्याला घर मिळालं तर ते कसं हवं याचा विचार सुरू केला. त्यांच्यासाठी नकाशे काढायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी घराचा खऱ्या मापाचा, माणूस आत शिरून उभा राहील एवढा नमुना उभा केला आणि प्रदर्शन भरवून लोकांना, अधिकाऱ्यांना आत बोलावलं. या चळवळीतून छपराची उंची १४ फूट ठेवून वर पोटमाळा काढायची रचना पुढं आली. जमीन वाढवता येत नाही, उंची वाढवता येते. फुटपाथवर सहा फुटांच्या झोपड्यात संसार केलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागलं नसेल.

आमच्या ताईनं शेवटी तो फ्लॅट घेतला. मुलीची शाळा तिथून जवळ, दुसरं परवडत नव्हतं. पण बुकिंगआधी तिनं मंजूर नकाशा मागितला, तीन हेलपाटे घालून मिळवला, आणि पलंगाऐवजी भिंतीला दुमडणारी खाट करायचं ठरवूनच पैसे भरले. गटानं कर्ज दिलं.

कायद्याचंही दोन शब्दांत सांगतो. केंद्राचा रेरा कायदा २०१६ चा, आपल्याकडे महारेराचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुन्याचा फ्लॅट बघून आपण पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर भरपाई मागता येते, हे त्या कायद्याच्या १२ व्या कलमात आहे. विक्री चटई क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर करावी लागते. नोंदणी झालेल्या प्रकल्पाचे मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर मोबाइलवरून बघता येतात. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठ घरांपर्यंतचे छोटे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि आपल्या तालुक्यात तसे पुष्कळ आहेत. तिथं पत्रक जपून ठेवायचं आणि मंजूर नकाशाची प्रत हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

ज्यांना घरकुल मंजूर झालंय, त्यांनाही हे लागू आहे. ग्रामीण घरकुलाचं किमान माप २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. त्यात चूल कुठं, दार कुठं, उजेड कुठून, हे फक्की टाकायच्या आधी ठरवायचं असतं.

येत्या मासिक बैठकीला ज्यांच्याकडे असं एखादं पत्रक किंवा घरकुलाचा नकाशा असेल, त्यांनी तो आणावा. घरच्या पलंगाचं, कपाटाचं आणि शिलाई मशीनचं माप कागदावर लिहून आणावं. खडू आणि मोजपट्टी आमच्याकडे आहे.